पोपटी, पेग आणि मधुमेह : थंडीतल्या बैठकीआधी एवढे वाचा

डिसेंबर उजाडला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. रक्तदाब मोजून झालेला असतो, गोळ्या लिहून झालेल्या असतात, पेशंट उठून दारापर्यंत जातो आणि मागे वळून हळूच विचारतो, "डॉक्टर, शनिवारी पोपटी आहे. थोडी घेतली तर चालेल ना?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही. उलट जे विचारत नाहीत त्यांची काळजी वाटते. आज त्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतो, कारण दारात उभ्या माणसाला ते दोन वाक्यांत देता येत नाही.

पनवेलकरांना पोपटी समजावून सांगायला नको, पण बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. थंडीत रायगडात वालाच्या शेंगा भरल्या की मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेले चिकन, ओवा आणि जाडे मीठ यांचे थर लावायचे. तोंड पाल्यानेच बंद करायचे, मडके शेतात पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या, पालापाचोळा रचून पेटवायचे. तेल नाही, पाणी नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. ते चर्र करून उडाले की पोपटी झाली.

मुंबईत थंडीत उघड्यावर कॉकटेल घेत बसायला लोक गच्चीवरचे बार शोधतात. आपल्याकडे नेरे, वाजे, मालडुंगे या बाजूची फार्महाऊस असतात, कर्नाळ्याच्या पायथ्याकडची शेते असतात, नाहीतर सोसायटीची गच्ची. समोर प्रबळगडाची काळी रेघ, मध्ये जाळ आणि हातात ग्लास. जागा छानच आहे. अडचण त्या अर्ध्या-पाऊण तासाची आहे, आणि ती मला माझ्याच मित्राने शिकवली. त्याच्या परवानगीने, ओळख पटणार नाही असे थोडे बदल करून, ती रात्र सांगतो.

त्या रात्री काय झाले

आम्ही शाळेतले नऊ-दहा जण जमलो होतो. मित्राला आठ वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. शिस्तीचा माणूस, साडेसातला मोबाइलचा गजर वाजला तशी त्याने रात्रीची गोळी घेतली. "आता जेवणारच आहोत," म्हणाला. पण दोन गाड्या पळस्पे फाट्याच्या गर्दीत अडकल्या होत्या. ते आल्याशिवाय पोपटी लावायची नाही असे ठरले.

तोवर ग्लास भरले गेले. एकाने कोकमाचे आगळ, व्होडका, साखर, सोडा आणि भरपूर बर्फ असे काहीतरी फर्मास बनवले होते. मित्राने शुगर आहे म्हणून आपल्या ग्लासात साखर घालू दिली नाही. चखणा म्हणजे मूठभर शेंगदाणे. पोपटी पेटली तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि त्याचा तिसरा ग्लास चालू होता.

थोड्या वेळाने तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलू लागला. मग जीभ जड झाली. कोणीतरी काही विचारले तर उगाच चिडला. आम्ही हसलो. "याला आज लवकर चढली," असे जे वाक्य बोलले गेले ते माझेच होते. मी डॉक्टर होतो, त्याच्या गोळ्या मला ठाऊक होत्या, आणि माझ्याही हातात ग्लास होता.

पोपटी लावणारे काका लाकडे सारायला आले. ते घेत नाहीत. त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि मला म्हणाले, "डॉक्टर, हे जाळापासून इतके लांब बसलेत, तरी यांना एवढा घाम कसा काय फुटलाय?"

मी हात लावून पाहिला. शर्टाची कॉलर ओली, तळहात गार. गाडीतून ग्लुकोमीटर आणला. साखर ४४.

तो अजून गिळू शकत होता. चहासाठी आणलेल्या साखरेतले तीन चमचे पाण्यात ढवळून पाजले. पंधरा मिनिटांनी ७२. मग बटाटे आणि पाव खायला दिले. तासाभरात तो नीट बोलू लागला आणि "मला काय झालंय? उगाच घाबरताय," म्हणून घरी निघायला लागला. तरी आम्ही त्याला पनवेलमधल्या एका रुग्णालयात नेले. गाडी काकांच्या मुलाने चालवली, कारण आमच्यातला एकही जण चालवण्याच्या स्थितीत नव्हता. रात्री दोन वाजता त्याची साखर पुन्हा ५६ वर आली. घरी झोपला असता तर ती कोणाला कळली असती, याचा विचार मी अजूनही करतो.

यकृताला एका वेळी एकच काम

आपण उपाशी असताना रक्तातली साखर टिकवून ठेवण्याचे काम यकृत करते. त्याच्याकडे थोडी साखर साठवलेली असते, ती ते सोडते. आणि इतर पदार्थांपासून नवी साखर बनवतेसुद्धा. पोटात मद्य गेले की ते निकामी करण्याचे कामही यकृताकडेच येते. ते काम चालू असताना नवी साखर बनवणे बरेचसे थंडावते. साठा संपत आलेला, नवी बनत नाही, पोटात अन्न नाही, अशी ती अवस्था.

निरोगी माणूस यातून बहुधा निभावून जातो. कारण साखर उतरू लागली की त्याचे स्वादुपिंड इन्सुलिन सोडणे कमी करते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्या मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहतात, साखर कमी असली तरीही. इन्सुलिनचे इंजेक्शन घेतले असेल तर ते परत काढून घेता येत नाही. आत येणारी साखर बंद आणि बाहेर जाणारी चालूच. हा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहू शकतो, म्हणून एकदा साखर पाजून भागत नाही.

"पण कॉकटेल गोड असते ना? मग साखर कशी उतरेल?" असे पुष्कळजण विचारतात. त्या गोडव्याने साखर थोडा वेळ चढते आणि उतरते. मद्याचा परिणाम त्यानंतरही चालू राहतो. सरबत म्हणजे जेवण नव्हे.

नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची साखर अशी धाडकन उतरण्याचा धोका कमी असतो. पण जास्त मद्य आणि मेटफॉर्मिन एकत्र आल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा वेगळा, क्वचित पण गंभीर धोका असतो, विशेषतः मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असेल तर.

ऊब आणि घाम

दारूने थंडीत ऊब येते, हा समज इतका पक्का का आहे? कारण ती जाणीव खरी असते. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीराच्या गाभ्यातले गरम रक्त त्वचेकडे येते, चेहरा लाल होतो, गरम वाटते. पण ती उष्णता कातडीवाटे बाहेर निघून जाते. म्हणजे वाटते ऊब आणि आतून शरीर गार होत असते. आपल्या पनवेलच्या थंडीत धडधाकट माणसाला याने फार बिघडत नाही. वयस्कर माणूस पिऊन उघड्यावर झोपला तर मात्र बिघडू शकते.

माझ्या मित्राच्या बाबतीत हा समज दुसऱ्याच बाजूने नडला. लाल चेहरा, घाम, बरळणे यातले काहीही दिसले की दारूने अंग तापले आहे, असे आपण धरून चालतो. साखर उतरल्याची लक्षणेही हीच आहेत : घाम, थरथर, धडधड, चिडचिड, जड जीभ, झोप येणे. ज्याची साखर उतरते त्यालाही ती कळत नाही, कारण मद्याने त्याची जाणीव बोथट झालेली असते. घाम येतोय पण अंग गार लागतेय, ही खूण लक्षात ठेवा. आणि खूण दिसो वा न दिसो, मधुमेही माणूस पिऊन विचित्र वागू लागला तर आधी साखर तपासा. ग्लुकोमीटर नसेल तर साखर उतरली आहे असे समजूनच वागा.

काय करायचे

माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर ग्लुकोजच द्या. त्या गोळीमुळे साध्या साखरेचे पचन लांबते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढेच द्या. वर आली की भाकरी, पाव, बटाटा असे पोटभरीचे खायला द्या. वर सांगितलेल्या गटातली गोळी किंवा इन्सुलिन घेतले असेल तर बरे वाटले तरी रुग्णालयात न्या.

बेशुद्ध असेल किंवा नीट गिळत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. "झोपू दे, उतरेल सकाळी," हे वाक्य मधुमेही माणसाच्या बाबतीत कधीही बोलू नका.

माप आणि परतीचा रस्ता

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्की, रम, व्होडकामध्ये ४२.८ टक्के मद्य असते. म्हणजे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्य. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळजवळ चार छोटे पेग. "मी फक्त बिअर घेतो," म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. अंदाजाने ओतलेल्या कॉकटेलमध्ये किती गेले ते बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि आंबटगोड चवीत ते लागतही नाही.

यकृत तासाला साधारण एक छोटा पेग निकामी करते. कडक चहा, थंड पाणी, लिंबू, यांनी त्याचा वेग वाढत नाही. तीन मोठे पेग घेतलेल्याला सहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. न पिणारा चालक आधी ठरवा, मगच बाटली उघडा.

आणखी एक गोष्ट. रात्री गारठा वाढला म्हणून निखाऱ्यांचे घमेले खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि प्यायलेल्या माणसाला जाग येत नाही.

मग, थोडी चालेल का?

आरोग्याच्या दृष्टीने मद्याची पूर्ण सुरक्षित अशी मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून जे घेत नाहीत त्यांनी पोपटीच्या निमित्ताने सुरू करू नये. यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, गरोदरपण, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, यांपैकी काही असेल तर माझे उत्तर सरळ नाही असे आहे.

मधुमेह असूनही तुम्ही घेणारच असाल तर आधी तुमच्या डॉक्टरांना तुमच्या गोळ्यांची नावे दाखवून विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण साखर उतरवणारी गोळी गजर वाजला म्हणून नव्हे, ताट समोर आल्यावर घ्यायची असते. पहिल्या घोटाआधी भाकरी किंवा पोळी पोटात असू द्या. एका छोट्या पेगवर थांबा. झोपण्यापूर्वी साखर तपासा. आणि बैठकीतल्या एका न पिणाऱ्या माणसाला सांगून ठेवा, "मला शुगर आहे, या या गोळ्या आहेत. मी विचित्र वागलो तर हसू नका, तपासा."

माझा मित्र यंदाही पोपटीला येणार आहे. आम्ही आता मडके सात वाजताच लावतो. उशिरा येणाऱ्यांसाठी दुसरे लावता येते. त्याच्या ग्लासात कोकम सरबत असते, आणि त्या रात्री माझ्याही.