खाड्याचा दिवस

आसपासच्या कारखान्यांची धुराडी पेटली की सणसरच्या रानांकडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात. काही वर्षांपूर्वी आमच्या बांधाला बीडकडची टोळी उतरली होती. त्यातल्या एका जोडप्याचा कोयता (टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता) जानेवारीतच मोडला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढताना नवरा घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याचा खर्च मुकादमानं आगाऊ दिलेल्या उचलीत चढवला.

बायको पाणी न्यायला आमच्या मोटारीवर यायची. एकदा हंडा भरून वाहू लागला तरी ती उभीच. "ताई, वकील किती घेतो?" मी एका ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी सांगितलेली रक्कम तिला सांगायला माझी जीभ रेटेना.

मग आमच्या बचत गटातल्या एका बाईनं तालुका विधी सेवा समितीचं नाव काढलं. सणसरला बारामती जवळ, पण तालुका इंदापूर, म्हणून इंदापूरच्या कोर्टात जायचं ठरलं. तिला कोर्टापेक्षा खाड्याची भीती जास्त. दिवस बुडाला की मुकादम पैसे कापणार, वर नवरा कोपीत एकटा. त्या दिवशी माझ्या सासूबाईंनी त्याला भाकरी नेऊन दिली. एसटीत ती सारखी विचारत होती, "दाखला नाही आणला, चालंल का?" उत्पन्नाचा दाखला तिच्या गावी, तलाठ्याकडे.

दाखला लागलाच नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे मला, बारावी शिकलेल्या बाईला, त्या दिवशी कळलं, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या गावात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, तेव्हा आम्ही लाखोंची सोय करतो. आणि पाच-सहा महिने शेजारी राहणाऱ्या माणसांना ही एवढी गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

तिथल्या वकीलबाईंनी दोन गोष्टी समजावल्या. उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे. आणि कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा दावा, अपघात इकडे झाला तरी, आपण राहतो त्या जिल्ह्यात लावता येतो. मुदत दोन वर्षांची. हे दुसरं ऐकून ती पहिल्यांदा खुर्चीवर नीट टेकून बसली. तोवर तिला वाटत होतं, टोळी हलली की प्रकरण मिटलं.

अर्ज मी लिहिला, तिनं अंगठा दिला. माझ्या वहीच्या कव्हरवर 15100 हा मदतीचा नंबरही लिहून दिला.

टोळी मार्चअखेर गेली. पावसाळ्यात तिचा फोन आला. बीडला वकील मिळाला होता, तारीख लागली होती. "ताई, त्यांनाबी न्यावं लागंल का? एसटीत बसवत नाही अजून."

मी म्हटलं, वकिलांना विचार, आणि विचारून मला सांग.