ठिणगीविना मालमोटार

जुन्या मालमोटारीचे पेट्रोल इंजिन उतरवून त्याच्या जागी डिझेल इंजिन चढविण्याचा उद्योग वरवर पाहणाऱ्यास इंधनाच्या काटकसरीचा वाटतो, आणि गाडीमालकही बहुधा तोच हिशेब मांडून ते काम करवून घेतात. परंतु ज्याने ही दोन्ही इंजिने आपल्या हातांनी उघडली आहेत त्याला ठाऊक असते की, या खटाटोपात खरा पालट होतो तो प्रज्वलनाच्या पद्धतीत, आणि राजूरसारख्या गावी, जेथून जालन्याची बाजारपेठ सुमारे २५ किलोमीटरांवर आहे आणि वाटेत बंद पडलेल्या गाडीला कोणी वाली नाही, तेथे त्या पालटाचे मोल पैशांच्या बचतीहून अधिक ठरते.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ज्या डॉज व फार्गो गाड्या जुळविल्या, त्यांच्या पेट्रोल इंजिनांची प्रज्वलनव्यवस्था ही चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास कॅडिलॅकसाठी सिद्ध केलेल्या योजनेचीच वंशज होती. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या वेढ्यांतून वाहत असता डेल्कोतील, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधील, पॉइंट तो अकस्मात तोडतात, आणि त्यायोगे कोसळणारे चुंबकक्षेत्र बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत एवढा विद्युद्दाब उत्पन्न करते की, प्लगच्या टोकांशी ठिणगी पडते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेऊ लागले की पॉइंटांना त्याच मिनिटात ९,००० वेळा उघडावे-मिटावे लागते, आणि त्यांच्यातील फट असते जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची.

ही रचना मानवी बुद्धीची थोर करामत होय, याविषयी माझ्या मनात आदरच आहे. तथापि आमच्या मुलखातील काळ्या जमिनीची धूळ आणि पावसाळी दमट हवा यांच्याशी तिचे कधी जमले नाही. डेल्कोचे झाकण काढून उजेडाकडे तिरपे धरावे, म्हणजे आतल्या अंगाला एका खुंटीपासून दुसरीपर्यंत केसाएवढी काळी रेघ उमटलेली दिसते. ओलसर धुळीवरून विजेने आपली आडवाट काढलेली असते, आणि तेथे जळून झालेला कोळसाच पुढे तिचा वाहक बनतो. ती रेघ फडक्याने पुसली जात नाही, इंजिन मिसिंग देत राहते, आणि ड्रायव्हर बिचारा कार्ब्युरेटरवर संशय घेत बसतो. पावसाळ्यातील अंगारकीस राजूरच्या गणपतीच्या, राजुरेश्वराच्या, वाटेवर वाहनांची रीघ लागली असता मध्येच अशी एक गाडी अडून बसली, तर मागच्या साऱ्यांचा खोळंबा होतो.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याला यांपैकी कशाचीच गरज नव्हती. पेट्रोल इंजिनात मिश्रण सहा-सातपट दाबले जाई; डिझेलमध्ये केवळ हवा सोळापटीच्या घरात दाबतात, तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसपलीकडे जाते, आणि तीत सोडलेला तेलाचा तुषार आपोआप पेट घेतो. पर्किन्सचे पी-६ इंजिन, जे मद्रासच्या सिम्प्सन कंपनीने पुढे याच देशात बनविले, ते या बदलास सोयीचे ठरले; आणि १९५४ पासून जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीजच्या डिझेल मालमोटारी येऊ लागल्यावर तर ठिणगीच्या मालमोटारीचे दिवस भरत आले.

डिझेल म्हणजे सोपे, असे सर्रास म्हटले जाते, ते मला अर्धेच मान्य आहे. नाजूकपणाने आपला मुक्काम डेल्कोतून इंधनाचा तुषार सोडणाऱ्या पंपात हलविला, एवढेच. पंपातील दट्ट्या आणि त्याचे नळकांडे यांच्यामधील अंतर मिलिमीटरच्या दोन-तीन सहस्रांशांचे असते; त्यात पाणी वा कचरा शिरला तर कॅलिब्रेशनच्या यंत्रावर चढविल्यावाचून उपाय नाही, आणि रस्त्याच्या कडेला बसून तो खोलणाऱ्या कारागिराचे हात धरावे असेच मी म्हणेन. परंतु रस्त्यावर उद्भवणारी नित्याची अडचण निराळी असते. नळ्यांत हवा शिरली तर फिल्टरवरील स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंप हाताने चालवावा. प्रथम पांढरट फेस येतो, मग बुडबुडे विरळ होतात, आणि अखंड धार लागली की ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. एवढी विद्या क्लीनरच्या पोरालाही एका सकाळीत देता येते, आणि म्हणूनच मी या बदलाचा पक्षपाती आहे.

बदल करताना मात्र अर्धवटपणा उपयोगाचा नाही. वाढलेल्या वजनासाठी पुढचे पाटे बळकट करावे लागतात; सहा व्होल्टांची जुनी बॅटरी व स्टार्टर एवढ्या दाबाचे इंजिन फिरवू शकत नाहीत, म्हणून सारी वायरिंग बारा व्होल्टांची करावी लागते; आणि इंधन व इंजिनक्रमांक यांची नोंद आरटीओच्या दप्तरी रीतसर बदलून घ्यावी लागते. सर्वांत दुर्लक्षिली जाणारी बाब ब्रेकची. ज्या गाडीचे ब्रेक पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधील ओढीच्या साह्याने लागत, तिला डिझेल इंजिनापासून तशी ओढ मिळत नाही, आणि मोकळ्या गाडीत ते ध्यानातही येत नाही. निराळा व्हॅक्यूम पंप जोडून, भरल्या मालानिशी उतारावर ब्रेक पारखून पाहिल्याखेरीज अशी गाडी मी मालकाच्या स्वाधीन करीत नाही.