अभयारण्यातील एक सकाळ

मुलांना जंगल दाखवायचे म्हटले की डोळ्यांसमोर ताडोबाची उघडी जिप्सी उभी राहते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याही घरी तोच हट्ट सुरू होता. नऊ वर्षांच्या चिरंजीवाला आणि सहा वर्षांच्या कन्येला वाघ पाहायचा होता. मला मात्र ऐन हंगामात दुकान चार दिवस बंद ठेवणे शक्य नव्हते. अखेर मार्ग निघाला तो आईच्या इच्छेतून. तिला कुंथलगिरीचे दर्शन घ्यायचे होते. सकाळी येडशीचे रामलिंग अभयारण्य पाहावे, तेथून पुढे जाऊन कुंथलगिरीला मुक्काम करावा, असे ठरले.

धाराशिवहून येडशी सुमारे 20 किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगररांगेतील हे रान 1997 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. क्षेत्र लहान, सुमारे 22 चौरस किलोमीटर. येथे जिप्सी नाही. मोर, ससे, हरणे, कोल्हे, लांडगे आणि बिबटे यांचे हे घर. त्यात डिसेंबर 2024 मध्ये एक अनपेक्षित पाहुणा कॅमेऱ्यात टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ येथवर आला होता. त्याला पकडण्यासाठी विदर्भातून पथक आले, पण तो हाती लागला नाही. आसपासच्या गावांत जनावरे मारली गेली. शेतकऱ्यांना रात्री पिकाला पाणी द्यायला जाण्याची धास्ती वाटू लागली.

त्यामुळे आमच्या सौभाग्यवती तयार नव्हत्या. ‘‘वाघाच्या रानात लेकरे न्यायची?’’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आदल्या दिवशी मी वनखात्याकडे चौकशी केली. देवळाची वाट सोडायची नाही, मुलांचा हात सोडायचा नाही आणि ऊन चढल्यावरच आत जायचे, या अटींवर होकार मिळाला.

रामलिंगाचे देऊळ खोल घळीत, ओढ्याच्या काठी आहे. श्रावणात येथे पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीनंतर मात्र शांतता. सीतामाईसाठी रावणाशी झुंजलेला जटायू येथे पडला आणि श्रीरामांनी बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढले, अशी या स्थानाची कथा आहे. मुलांना मी एक खेळ दिला होता : बोलायचे नाही, जे ऐकू येईल ते बोटांवर मोजायचे. मोराची केका, पाण्याचा झुळझुळाट, पाचोळ्यातील सरसर. कन्येची पाच बोटे संपली तेव्हा तिने आजीचा हात उसना घेतला.

वाटेवर वानरांची टोळी बसली होती. आईने याच क्षणासाठी पिशवीत फुटाणे आणि डझनभर केळी आणली होती. मुक्या जीवांना खाऊ घालणे हा आपल्या घरातील संस्कार. मुलांचेही हात पुढे झाले. इतक्यात एक वनरक्षक जवळ आला आणि हात जोडून म्हणाला, ‘‘आजी, एवढं मात्र करू नका.’’

आईचा चेहरा उतरला. तो समजावू लागला. माणसाच्या हातचे खायची सवय लागली की वानरे रानातील पाला-फळे सोडून रस्त्यावर येऊन बसतात, गाड्यांखाली सापडतात. खाऊ मिळाला नाही तर पिशव्या हिसकावतात, लहान मुलांना चावतात. मग लोक दगड मारतात. ‘‘तुमचा हात प्रेमाचा आहे, आजी. पण पुढच्याच्या हातात दगड असतो.’’

आम्ही ओशाळून परत फिरलो. गाडीत चिरंजीवाने विचारले, ‘‘आजी, मग पुण्य कसं मिळणार?’’

आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. येरमाळा मागे पडल्यावर म्हणाली, ‘‘दान चार प्रकारचं असतं बाळा. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. मी आहाराची पिशवी घेऊन गेले आणि जागेचं नाव वाचायचं विसरले. अभयारण्य! तिथे अभयच द्यायचं असतं.’’

‘‘पण वाघ तर प्राण्यांना खातो. त्याला पाप लागतं ना?’’ कन्येची शंका.

‘‘भगवान महावीर पूर्वीच्या एका भवात सिंह होते. मुनींच्या उपदेशानं तोही शांत झाला. कुठल्या जीवात काय दडलंय, आपण कसं ठरवायचं?’’

मी मात्र त्या वासरे गमावलेल्या शेतकऱ्यांचा विचार करीत होतो. अभय त्यांनाही हवे. पंचनामा वेळेवर व्हावा, भरपाई हातात पडावी, रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी, तरच वाघालाही अभय मिळेल. आपण व्यापारी माणसे पांजरपोळाला सढळ हाताने देतो. गोठ्याला पक्के दार लावण्यासाठी एखाद्या शेतकऱ्याला हातभार लावणे हीसुद्धा जीवदयाच, हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले.

सरमकुंडी फाट्यावरून आत वळून दुपारी कुंथलगिरीला पोहोचलो. कुलभूषण आणि देशभूषण या मुनिबंधूंचे हे सिद्धक्षेत्र. आपल्या पुराणांत या मुनींवरील उपसर्ग श्रीरामांनी दूर केला असे वर्णन आहे. सकाळी जटायूला पाणी देणारे राम मुलांना येथे पुन्हा भेटले. आचार्य शांतिसागर महाराजांची 1955 मधील सल्लेखनाही येथलीच. ध्यानात असताना अंगावर साप चढला तरी महाराज हलले नाहीत, ही कथा आजीने पायरीवर बसून सांगितली.

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले. रामलिंगहून तशीच परत आलेली केळी आईने धर्मशाळेतील लेकरांना वाटून टाकली.

वाघ दिसला नाही. तरी शाळा उघडल्यावर कन्येने वहीत चित्र काढले : झाडामागे वाघ, वाटेवर आजी. दोघांच्या मध्ये तिने बरीच जागा मोकळी सोडली होती. मी विचारले, ‘‘इथं काहीच का नाही काढलं?’’

ती म्हणाली, ‘‘ते अभय आहे, बाबा.’’