नाव सांगायचं कुणी?

सहावीतला एक मुलगा डबा रोज जसाच्या तसा घरी नेत होता. पोटात दुखतं म्हणायचा. आईने डॉक्टर केले, औषधं केली आणि शेवटी त्याला माझ्याकडे आणलं. शाळेची समुपदेशक म्हणून माझं ते पहिलंच वर्ष. तीन दिवस तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी डब्याच्या झाकणाची कडा नखाने खरवडत म्हणाला, "ताई, हे उघडलं की सगळे नाक धरतात."

डब्यात कधीतरी सुकट असायचं, आठवड्यातून एखाद्या वेळी. पण नाक धरणं रोजचं झालं होतं, भाजी मेथीची असली तरी.

तेव्हा मी जे केलं ते अजून टोचतं. ज्याने सुरुवात केली त्याला बोलावलं, याच्यासमोर उभं केलं, माफी मागायला लावली आणि म्हटलं, "चला, हात मिळवा." दोघांनी मिळवला. नोंदवहीत 'प्रकरण मिटले' असं मी लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तेच रिक्षात सुरू झालं, आणि मुलाला एक नवीन नाव पडलं: चुगलखोर.

मी छळाला भांडण समजले होते. भांडणात दोघं तोलामोलाचे असतात, तिथे समेट होतो. डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञांनी हा फरक नेमका मांडला: त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हापुन्हा दिलेला असतो आणि सोसणाऱ्याची ताकद कमी पडत असते. नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे शाळेतला छळ असावा असं दिसलं आणि पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने देशभर मोहीम उघडली. तोवर तिथलेही मोठे लोक आपल्यासारखंच म्हणत असणार, मुलंच ती, चालायचंच. ताकद अशी असमान असताना, ज्याचा धाक आहे त्याच्याच पुढ्यात मुलाला 'काय झालं ते सांग' म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय असतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, हे मी त्या मुलाकडून शिकले.

छळणारा मुलगा घरी मार खात असेल, आतून दुबळा असेल, असं आपण सर्रास म्हणतो. काही मुलांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण ओल्वेयस यांना असा दडलेला न्यूनगंड सहसा आढळला नाही. नाक धरायला सुरुवात करणारा तो मुलगा हुशार होता, वर्गाचा लाडका होता, आणि त्याला प्रेक्षक लागत होते.

त्या प्रेक्षकांकडे मी बघितलंच नव्हतं. पाच-सहा जण नाक धरायचे, बाकीचे तीसेक जण आपापला डबा खात बघायचे. टोरंटोच्या शाळांच्या मैदानांवर डेब्रा पेपलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून हेच टिपलं. २००१ च्या त्यांच्या अभ्यासात छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद! मी नोंदवही उघडेपर्यंत तेवढा वेळ जातो.

मग मुलं मध्ये का पडत नाहीत? वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला मॉनिटर आपणच नेमतो. त्याला जबाबदारी म्हणतो. आणि एखादी मुलगी 'बाई, ते त्याला त्रास देतात' असं सांगायला आली की तिला 'चुगल्या करू नकोस' म्हणून परत पाठवतो. तक्रारपेटी लावतो ती मुख्याध्यापकांच्या दाराशी, जिथे चिठ्ठी टाकणारा हात अख्ख्या शाळेला दिसतो. ती पेटी रिकामी राहिली की आम्ही समाधानाने अहवाल लिहितो.

फिनलंडच्या 'किवा' या छळविरोधी कार्यक्रमात शिक्षक वर्गातल्या दोन-चार समंजस, इतरांना हव्याशा वाटणाऱ्या मुलांना बाजूला घेऊन सोसणाऱ्याला सोबत द्यायला सांगतात. त्या मुलासाठी मी दुसऱ्यांदा सुरुवात केली ती याच वाटेने. रिक्षावाल्या काकांनी त्याची जागा बदलली, त्याला आपल्या नजरेसमोर बसवलं. वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत वर्गात थांबू लागल्या. आणि मी वर्गातल्या एका मुलीला बोलावलं.

"ताई, मी बोलले तर पुढचा नंबर माझा लागेल," ती म्हणाली. तिची भीती खरी होती.

"बोलू नकोस. नुसती त्याच्या बाकावर बसून डबा खाशील?"

तिने बराच विचार केला. "रोज नाही जमणार. बुधवारी माझी मैत्रीण गाण्याच्या तालमीला जाते, तेव्हा बसेन."

"बुधवार चालेल."

त्या बुधवारी मी काहीतरी निमित्त काढून व्हरांड्यात उभी राहिले. ती डबा घेऊन आली आणि "सरक ना" म्हणाली. तो सरकला. झाकण मात्र त्याने उघडलं नाही. पुढच्या बुधवारी अर्धं उघडलं आणि हात आडवा धरून खाल्लं. तिसऱ्या बुधवारी बाकावर तिघं होती. तालीम रद्द झाली म्हणून मैत्रीणही आली होती, आणि 'लोणचं आहे का रे?' असं विचारत तिने त्याच्या डब्यात डोकावून पाहिलं.