कुवेतचा रिमोट

भोरला आमच्या घरी दूरदर्शन आले ते सिंहगडाच्या वाटेने. १९७३ साली गडावर सहक्षेपण केंद्र सुरू झाले आणि मुंबईचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. वडिलांनी संच घेतला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. वारा सुटला की मी कौलांवर चढून अँटेना गडाकडे वळवीत असे आणि खालून धाकटा भाऊ ओरडे, "आलं, आलं... गेलं!" पुढे केबल आली. २०१७च्या मार्चअखेर शासनाच्या नियमाने लहान गावांतलीही जुनी केबलपद्धत बंद होऊन सेट-टॉप बॉक्स आले. अँटेना असो वा केबल, चित्र बाहेरून घरात येई. घरातले चित्र बाहेर धाडता येईल, असे आमच्या स्वप्नातही नव्हते.

त्याच वर्षी नाताळला कुवेतहून आलेल्या भावाने एक काळी पेटी आणली. तिचे नाव स्लिंगबॉक्स. अमेरिकेतील ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन या भावांना प्रवासात असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या संघाचे बेसबॉलचे सामने पाहता येईनात. त्या हळहळीतून ही युक्ती निघाली आणि २००५ मध्ये बाजारात आली.

सेट-टॉप बॉक्सच्या एका तारेने चित्र आमच्या टीव्हीवर जाई, दुसरीने त्या पेटीत. पेटी ते आकसून इंटरनेटवरून कुवेतला पाठवी. भावाने तिथे फोनवर बोट टेकवले की इथे पेटीतून अदृश्य किरण निघत आणि रिमोट दाबल्यागत वाहिनी बदले. पंचाईत होती ती इंटरनेटची. टेलिफोनच्या तारेवरून घरात येणारा ओघ मोठा असतो, बाहेर जाणारा अगदी बारीक. गिऱ्हाईक घेईल पुष्कळ आणि देईल थोडे, असे त्या पद्धतीत गृहीतच धरलेले. आम्हाला तर द्यायचेच होते! चित्र धूसर जाई, मध्येच थिजे. भाऊ म्हणे, "दिसतंय दादा, पुरे आहे."

बहीण तेव्हा वेल्ह्याला परिचारिका होती. तिनेही आपल्या फोनवर ही सोय करून घेतली. पण पेटी एका वेळी एकालाच चित्र देई, त्यामुळे वेल्हे आणि कुवेत यांच्यात तंटे होऊ लागले. गंमत अशी की, नसरापूरवरून जायचे एवढ्याशा अंतरावरचे वेल्हे, तिथे तोरण्याच्या पायथ्याशी चित्र अडखळे आणि समुद्रापलीकडे बरे दिसे. अखेर कंटाळून तिने नाद सोडला.

खरी मौज पुढेच होती. सेट-टॉप बॉक्स एक, म्हणजे वाहिनीही एकच. भावाने तिथे बदलली की आईच्या पुढ्यातलीही बदले. मालिकेत सासू बोलायला तोंड उघडी आणि एकाएकी क्रिकेट सुरू होई. पहिल्या आठवड्यात आई चिडली. पुढे मात्र ती घड्याळ पाहू लागली. कुवेत आपल्यामागे अडीच तास. रात्री साडेआठला वाहिनी हलली की ती म्हणे, "आला कामावरून." शुक्रवार तिकडे सुट्टीचा. मिस्सेहून तो परतला की दुपारभर टीव्ही त्याचाच, हे तिने मुकाट्याने मान्य केले होते. रात्री वीज वाचवण्यासाठी बटण बंद करण्याची तिची जुनी सवय, तीही सुटली.

२०२०च्या मार्चमध्ये विमाने थांबली. मालिकांचे चित्रीकरणही थांबले. जुनेच भाग पुन्हा लागत. फोनवर भाऊ सांगे, "आई, काम चालू आहे, काळजी नको." आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाहिनी बदलली. तिकडे साडेआठ, ऐन कामाची वेळ. बुधवारीही तेच. मे महिन्यात तिथे दहा तारखेपासून तीस तारखेपर्यंत पूर्ण संचारबंदी होती. त्या दिवसांत आमचा टीव्ही पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत बातम्या, भजने, कुस्त्या, पुन्हा बातम्या असा भटकत राही. आई आवाज बारीक करून, हातात जपमाळ घेऊन समोर बसे. मी फोन उचलला तेव्हा तिने माझा हात धरला. "विचारू नकोस. त्याला सांगायचं असेल तेव्हा सांगेल." ऑगस्टमध्ये त्याने सांगितले. चार महिने पगार नव्हता.

कंपनीने दोन वर्षे आधी जाहीर करून ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ही सेवा बंद केली. घरातली पेटी आणि परदेशातला फोन यांची गाठ कंपनीच्या संगणकामार्फत पडे. तो दुवा तुटताच आमची धडधाकट पेटी निकामी झाली. आता भावाच्या फोनवर मराठी वाहिन्यांची ॲप आहेत, चित्र स्वच्छ येते. रोज व्हिडिओवर आईशी बोलतोही. आईला ते पुरत नाही. तिच्या मते कॅमेऱ्यासमोर तो केस विंचरून बसतो.

मागच्या नाताळात तो आला. जेवणानंतर आईशेजारी बसून त्याने सहज रिमोट उचलला. "ठेव तो खाली," आई म्हणाली, "माझी मालिका चाललीय."