थोरलं सल्फेट, धाकटं सल्फाइट

नायट्रेटमध्ये ऑक्सिजनचे अणू ३, सल्फेटमध्ये ४, कार्बोनेटमध्ये ३, फॉस्फेटमध्ये ४. नववीतली चुणचुणीत मुलं यातून नियम काढायला बघतात आणि तो काही निघत नाही. मग वहीत तक्ता येतो, तक्ता पाठ होतो आणि घटक चाचणीत सल्फाइटला ४ ऑक्सिजन लागतात. दोष घोकंपट्टीचा. ‘एट’ हा आकडा नाहीच. थोरला म्हटल्यानं मुलाचं वय कळत नाही, त्याच्या पाठीवर कुणीतरी आहे एवढंच कळतं. ‘एट’ थोरलं, ‘आइट’ धाकटं, आणि धाकट्याकडे ऑक्सिजन एकानं कमी. सल्फेट ४, सल्फाइट ३. नायट्रेट ३, नायट्राइट २. प्रभार दोघांचा सारखाच, त्यामुळे संयुजेची वेगळी भानगड नाही. थोरल्याचा आकडा तेवढा लक्षात ठेवायचा.

‘आइड’ या भावंडांत नाही. ऑक्साइड-हायड्रॉक्साइड सोडले तर त्याच्याकडे ऑक्सिजनच नाही. सोडियम सल्फाइडमध्ये फक्त सोडियम आणि गंधक. फळ्यावर ड आणि ट मी मुद्दाम मोठे काढते. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचता पोचता सल्फाइड आणि सल्फाइट एकच होऊन जातात.

*

क्लोरीनच्या घरी मात्र चार भावंडं. हायपोक्लोराइट १, क्लोराइट २, क्लोरेट ३, परक्लोरेट ४. ‘हायपो’ म्हणजे धाकट्याच्याही खालचा, ‘पर’ म्हणजे थोरल्याच्याही वरचा.

हे नुसतं फळ्यावर लिहिलं तर मुलं जांभया देतात. वस्तू सांगितल्या की जाग्यावर येतात. सोडियम क्लोराइड म्हणजे जेवणातलं मीठ. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे पांढरे कपडे स्वच्छ करायचं ब्लीच. पोटॅशियम क्लोरेट आगकाडीच्या गुलात. अमोनियम परक्लोरेट पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याच्या घन इंधनात. इस्रोचा ते बनवायचा कारखाना केरळात अलुव्याला आहे. क्लोराइट घरात दिसत नाही, कापडाच्या विरंजनात आणि पाणी शुद्ध करताना वापरतात. क्लोरीन सगळ्यांत तोच. क्लोरेट आणि परक्लोरेट जळणाला लागणारा ऑक्सिजन स्वतःबरोबरच घेऊन येतात, म्हणून एक काडीच्या टोकाला बसलं आणि दुसरं रॉकेटात.

*

आम्लांची नावं वेगळी शिकवूच नयेत. क्षाराचं नाव आलं की आम्लाचं येतंच: ‘एट’चं ‘इक’, ‘आइट’चं ‘अस’. सल्फेट, सल्फ्युरिक आम्ल. सल्फाइट, सल्फ्युरस आम्ल. ‘आइड’ असेल तर पुढे ‘हायड्रो’ आणि मागे ‘इक’: क्लोराइड, हायड्रोक्लोरिक आम्ल. पाठ्यपुस्तकात आम्लं एका धड्यात, मूलकांचा तक्ता दुसऱ्याच धड्यात. मधला दुवा मुलांनी स्वतः शोधायचा!

एक बारीक गोष्ट. एच सी एल हा कोरडा वायू असेल तर नाव हायड्रोजन क्लोराइड. पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. सूत्र तेच, नावं दोन, आणि परीक्षक मार्क कापतात ते इथंच.

*

सल्फ्युरस आम्लाची बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात सापडणार नाही, कारण शुद्ध रूपात ते वेगळं काढून ठेवताच येत नाही. पण त्याचा क्षार आपल्याकडे टनांनी तयार होतो. साखर कारखान्यात गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड करतात आणि चुना घातलेल्या उसाच्या रसात सोडतात. कॅल्शियम सल्फाइटचा साका बसतो, रसातला बराच मळ आणि रंग त्याच्याबरोबर खाली जातो. या पद्धतीचं नावच सल्फिटेशन. सल्फेशन नव्हे. मधल्या ‘इ’नं धाकटा ओळखायचा.

*

ही सगळी व्यवस्था १७८७ साली पॅरिसमध्ये छापलेल्या एका पुस्तकातून आली. लेखक चार: गितोन द मोर्व्हो, लाव्हाझिए, बर्थोले आणि फुरक्रोआ. मूळ टुमणं मोर्व्होचं. हा दिजाँचा वकील, रसायनशास्त्र त्याचा नाद. त्याच्या काळात एकाच पदार्थाला गावोगावी वेगळी नावं असत, आणि तीही कशी? व्हिट्रिऑलचं तेल, मिठाचं स्पिरिट, अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं. यातलं तेल तेल नाही, लोणी तर विषारी. नाव ऐकून पदार्थात काय आहे ते कळलं पाहिजे, हा वकिली आग्रह मला फार आवडतो.

लाव्हाझिएची समजूत अशी की ऑक्सिजनशिवाय आम्ल होतच नाही. ऑक्सिजन या नावाचा अर्थच आम्ल उपजवणारा. त्यामुळे आम्लांची नावं ऑक्सिजन जास्त की कमी यावर बेतली गेली. मिठापासून मिळणाऱ्या आम्लाला म्युरिॲटिक आम्ल म्हणत, त्यातही ऑक्सिजन असणारच असं धरत, आणि क्लोरीनला ऑक्सिम्युरिॲटिक आम्ल म्हणत. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की तो हिरवट वायू मूलद्रव्यच आहे आणि मिठाच्या आम्लात ऑक्सिजनचा पत्ता नाही. सिद्धांत पडला, ‘इक’ आणि ‘अस’ मात्र तसेच राहिले. ऑक्सिजन नसलेल्यांना वेगळं काढायला पुढे ‘हायड्रो’ चिकटवलं गेलं. मुलं विचारतात, “बाई, हायड्रोजन तर सल्फ्युरिकमध्येपण आहे, मग हायड्रोसल्फ्युरिक का नाही?” प्रश्न बिनतोड आहे. उत्तर इतिहासात आहे, नियमात नाही.

*

फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक. इथंही तेच थोरलं-धाकटं, फक्त ऑक्सिजनऐवजी धातूचा प्रभार मोजायचा. फेरस २, फेरिक ३. क्युप्रस १, क्युप्रिक २. स्टॅनस २, स्टॅनिक ४. म्हणजे ‘अस’ ऐकून २ लिहिणारा तांब्यापाशी हमखास आपटतो.

आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९१९ साली सुचवलं, नात्यानं कशाला सांगता, आकडाच लिहा. तेव्हापासून धातूपुढे कंसात रोमन आकडा. सुधारणा मोलाची, पण वर्गात नवी गडबड सुरू झाली. आयर्नपुढचा रोमन तीन म्हणजे लोखंडाचे ३ अणू, असं निम्मा वर्ग समजतो. तो प्रभार आहे. आयर्न थ्री ऑक्साइडमध्ये लोखंडाचे अणू २ आणि ऑक्सिजनचे ३. ऑक्सिजनचा ३ जुळतो, आणि तोच घोळ पक्का करतो. हे उदाहरण पहिल्या दिवशी घेऊच नये. आयर्न थ्री क्लोराइडही नको, तिथंही ३ जुळतो. कॉपर टू ऑक्साइड घ्यावं: कंसात २, अणू मात्र एकेकच.

*

मोनो, डाय, ट्राय फक्त अधातूंच्या जोड्यांत. कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड. ‘कॅल्शियम डायक्लोराइड’ लिहिलं की लाल शाई. कॅल्शियमला दुसरी संयुजाच नाही, मग आकडा सांगायची गरज काय?

*

तिरकस गुणाकारानं सूत्र लिहिणं मुलांना आवडतं, कारण ते गणितासारखं यंत्रवत चालतं. मग सवयीनं सूत्राला भागही देतात. कॅल्शियम ऑक्साइडला चालतं. हायड्रोजन पेरॉक्साइडमधला दोनास दोन काटला की पेरॉक्साइडच मोडलं.

*

एका स्वरानं काय होतं, याचं माझ्या माहितीतलं चांगलं उदाहरण प्रफुल्लचंद्र राय यांचं. कोलकात्यात पारा आणि सौम्य नायट्रिक आम्ल एकत्र ठेवल्यावर पिवळे स्फटिक आले. नायट्रिक आम्लातून नायट्रेट यावं ही अपेक्षा, निघालं मर्क्युरस नायट्राइट. १८९६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि पुढे नायट्राइटांचा पिच्छा कित्येक वर्षं सोडला नाही.

*

दुसरं उदाहरण स्वराचं नव्हे, शब्दाचं, आणि दुःखद. पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी रुग्णाला बेरियम सल्फेटचा पांढरा घोळ पाजतात. बेरियम विषारीच, पण सल्फेट पाण्यात विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लातही नाही, त्यामुळे आल्या वाटेनं निघून जातं. बेरियम कार्बोनेटही पाण्यात विरघळत नाही. ते मात्र जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतं, म्हणून उंदरांच्या विषात वापरलं गेलं. २००३ साली ब्राझीलमध्ये या घोळात कार्बोनेटची भेसळ राहिली आणि कित्येक रुग्ण दगावले. पावडर दोन्हींची पांढरीच. नावाचा पहिला शब्दही दोन्हींचा एकच.

*

ओआरएसची पुडी हा माझ्या मते नामकरणाचा उत्तम धडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे १ लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. तिसरं नाव फोडून बघावं. सायट्रेट, म्हणजे मूळ सायट्रिक आम्ल, लिंबातलं. ट्रायसोडियम, म्हणजे त्या आम्लाकडे सोडून देण्यासारखे ३ हायड्रोजन होते आणि तिन्ही जागी सोडियम बसला. डायहायड्रेट, म्हणजे स्फटिकात प्रत्येक सूत्रामागे पाण्याचे २ रेणू. धातूंबरोबर ट्राय-डाय नको, असं आत्ताच शिकलेली मुलं इथं हरकत घेतात. घ्यावीच. ज्या आम्लाचे काही हायड्रोजन जागेवर राहू शकतात, त्याच्या क्षारात सोडियम किती बसले ते सांगावं लागतं.

*

मोरचूद हे नाव मला कॉपर सल्फेटपेक्षा कमी वाटत नाही. रंग डोळ्यांपुढे येतो. पण वजन करायची वेळ आली की मागचं ‘पेंटाहायड्रेट’ लागतं. द्राक्षबागेत १ टक्का बोर्डो मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. निळ्या मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा. तोच मोरचूद तापवून पांढरा झाला, म्हणजे पाणी उडालं, की तांबं जवळजवळ ४० टक्के. किलो मोजलाच, तर कुठला?

*

व्यापारातली नावं नियमाला भीक घालत नाहीत. फोटो स्टुडिओतला ‘हायपो’ हा हायपो नव्हेच. जुन्या हायपोसल्फाइट या नावाचं ते शेपूट, खरं नाव सोडियम थायोसल्फेट: सल्फेटमधला एक ऑक्सिजन काढून तिथं गंधक बसवलेलं. गुऱ्हाळात गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून घालतात ती ‘हायड्रॉस’ पावडर म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि त्यात हायड्रोजनचा एक अणू नाही. पुस्तकी नाव सोडियम डायथायोनाइट. कोल्हापूरच्या बाजारात हे नाव घेऊन बघावं, दुकानदार तोंडाकडे बघत राहील.

बायकार्बोनेटमधला ‘बाय’ही असाच. त्या रेणूत दोन असं काही नाही. तेवढ्याच सोडियममागे कार्बोनेटचा भाग धुण्याच्या सोड्याच्या दुप्पट, एवढाच जुना हिशेब. नवं नाव सोडियम हायड्रोजन कार्बोनेट, आणि ते खरं बोलतं.

*

हिंदी व्हिडिओ बघून अभ्यास केलेली वही लगेच ओळखू येते: “आम्ल व क्षार यांच्यापासून लवण तयार होते.” हिंदीत क्षार म्हणजे आपलं आम्लारी, आणि आपला क्षार म्हणजे त्यांचं लवण. वाक्य हिंदीत अचूक, मराठी उत्तरपत्रिकेत शून्य. मी अर्धा मार्क देते.

*

शेतकऱ्याघरची मुलं खतांच्या धड्यात पुढे असतात. नत्र, स्फुरद, पालाश त्यांना शिकवावं लागत नाही. डीएपीच्या गोणीवर १८:४६ असतं. हे ४६ टक्के स्फुरद नव्हे. असलेलं सगळं स्फुरद पेंटॉक्साइडच्या रूपात आहे असं धरून काढलेला आकडा आहे. प्रत्यक्ष स्फुरद २० टक्के. गोणीत पेंटॉक्साइड मुळीच नसतं, असतं डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट. विद्यापीठांच्या शिफारशीही त्याच हिशेबात छापतात, त्यामुळे शेतात काही बिघडत नाही. बिघडतं ते नववीच्या पेपरात.

*

पुढच्या तासाला प्रत्येकानं घरातलं एक वेष्टण आणायचं आणि त्यावरच्या एका नावाचं आम्ल शोधायचं. लोहाच्या गोळ्या, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, खताची पावती, काहीही चालेल. शाम्पू नको. शाम्पूवरची नावं बारावीनंतर.