खाऱ्या वाऱ्यातल्या भिंती

वाल्पाराइसोत सपाट जागा फार थोडी. चिलीच्या किनाऱ्यावरच्या या बंदरात समुद्र आणि डोंगर यांच्यामध्ये जेमतेम एक पट्टी सुटली आहे. धक्का, बँका, कचेऱ्या, बाजार हे सगळं त्या पट्टीवर, आणि बाकीचं गाव चाळीसहून अधिक टेकड्यांवर चढून बसलेलं. त्यामुळे इथल्या घराला एकच दर्शनी बाजू नसते. खालच्या बोळातून त्याचा पाया दिसतो, समोरच्या टेकडीवरून बाजूची भिंत, वरच्या वळणावरून छप्पर. ज्याचं घर त्याला आपली बाहेरची भिंत क्वचितच दिसते. ती रोज पाहतो तो पलीकडच्या टेकडीवरचा शेजारी. भिंती रंगवायची ओढ या गावाला का लागली, याचं अर्धं उत्तर या चढउतारात आहे.

उरलेलं अर्धं पत्र्यात आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून निघून केप हॉर्नला वळसा घालून पॅसिफिकमध्ये शिरणाऱ्या जहाजांचा हा मोठा मुक्काम होता. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोन्यामागे धावलेली जहाजंही इथे थांबून पाणी आणि शिधा भरत. इंग्रज, जर्मन, इटालियन व्यापारी टेकड्यांवर स्थायिक झाले. जहाजांतून जस्ताचा मुलामा दिलेले पन्हाळी पत्रे आले आणि घरबांधणीत शिरले. लाकडाचा सांगाडा, त्यात मातीच्या कच्च्या विटा आणि बाहेरून पत्रा, अशी इथली जुनी भिंत. पत्र्यामुळे माती पावसापासून वाचते. पण खाऱ्या हवेत उघडा पत्रा किती दिवस टिकतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. काही पावसाळ्यांत त्याची चाळण होते. म्हणून रंग. जहाजं रंगवून उरलेले डबे खलाशी आणि गोदीतले कामगार घरी आणत आणि हाताला येईल तो रंग लावत, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पिवळ्याशेजारी जांभळं, त्याला लागून विटकरी, मग हिरवं अशी इथल्या घरांची ओळ लागते, ती त्यामुळे.

आज या गावात चित्रं पाहायला येणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यायला हवं. इथे रंग सजावट म्हणून नंतर आला. आधी तो घर उभं राहावं म्हणून आला.

टेकड्यांचा चढ सोपा करण्यासाठी १८८३ पासून ‘आसेन्सोर’ सुरू झाले. उतारावर टाकलेल्या रुळांवरून दोरानं ओढले जाणारे लाकडी डबे: एक वर जातो, तेव्हा दुसरा खाली येतो. भर काळात असे तिसेक होते. आता चालू असलेले फार कमी. १९०६ च्या ऑगस्टमध्ये मोठा भूकंप झाला, खालचं गाव कोसळलं, पुन्हा उभं राहिलं. पण १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला आणि केप हॉर्नचा वळसा घ्यायचं कारणच संपलं. जहाजं कमी झाली, पैसेवाले शेजारच्या विन्या देल मारला किंवा राजधानी सान्तियागोला गेले. जुनी घरं पाडून नवीन बांधायला कुणाकडे पैसा नव्हता, आणि त्यामुळेच ती वाचली. २००३ मध्ये युनेस्कोनं या बंदराच्या जुन्या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला तेव्हा ज्याचं कौतुक झालं, ते बरंचसं अशा ओढगस्तीनं जपलेलं होतं.

चित्रांची खरी कहाणी १९६० च्या दशकाच्या शेवटाला सुरू होते, आणि तिच्यात दोन धागे आहेत.

पहिला राजकारणाचा. १९६८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या तरुणांनी ‘ब्रिगादा रामोना पार्रा’ हे भित्तिचित्रकारांचं पथक उभं केलं. रामोना पार्रा ही १९४६ मध्ये सान्तियागोतल्या सभेवर झालेल्या गोळीबारात मारली गेलेली तरुण कार्यकर्ती. १९६९ मध्ये व्हिएतनामच्या युद्धाविरोधात वाल्पाराइसोहून सान्तियागोपर्यंत पायी मोर्चा निघाला, तेव्हा हे तरुण वाटेतल्या भिंती रंगवत गेले. त्यांची चित्रशैली घाईतून घडली. एकानं आराखडा आखायचा, दुसऱ्यांनी मोठ्या कुंचल्यांनी रंग भरायचे, तिसऱ्यानं कडेनं जाड काळी रेघ ओढायची आणि पोलीस यायच्या आत सगळ्यांनी पांगायचं. सपाट रंग, जाड कडा, मूठ, कबुतर, तारा, चेहरा. दुरून, धावत्या बसमधूनही वाचता येईल असं चित्र. रात्रीच्या त्या घाईनं चिलीला एक चित्रभाषा दिली, आणि तिची जाड रेघ आजही लॅटिन अमेरिकेतल्या भिंतींवर ओळखू येते.

दुसरा धागा वर्गातून बाहेर आला. वाल्पाराइसोच्या कॅथलिक विद्यापीठातल्या कला संस्थेचे चित्रकार-प्राध्यापक फ्रान्सिस्को मेंदेस यांनी १९६९ पासून विद्यार्थ्यांना घेऊन टेकड्यांवरच्या भिंती रंगवायला सुरुवात केली. गावाला संग्रहालयात नेण्यापेक्षा चित्रच गावात नेऊ, असा तो साधा विचार होता. जिन्यांच्या कडेच्या आधारभिंती, बोळांची वळणं, घरांच्या बिनखिडकीच्या बाजू असे फलक त्यांना जागोजागी मिळाले.

मग ११ सप्टेंबर १९७३ उजाडला. लष्करी उठावाची सुरुवात याच गावात झाली. पहाटेच नौदलानं वाल्पाराइसो ताब्यात घेतलं. उठावाचा प्रमुख आउगुस्तो पिनोशे याचा जन्मही इथलाच, १९१५ चा. बंदरात उभ्या असलेल्या ‘एस्मेराल्दा’ या नौदलाच्या शिडाच्या जहाजावर कैद्यांचा छळ झाला. ‘ला सेबास्तियाना’ नावाचं कवी पाब्लो नेरुदांचं टेकडीवरचं घर लुटलं गेलं. आणि देशभर भिंती पांढऱ्या होऊ लागल्या. पथकांनी काढलेल्या चित्रांवर चुन्याचे आणि रंगाचे हात फिरले. विद्यार्थ्यांचं कामही थांबलं.

पांढरी भिंत निरुपद्रवी वाटते. पण टेकडीवरून टेकडीकडे पाहणाऱ्या या गावात ती समोरच्याशी बोलायची बंदी होती. माणसं पकडून नेणारं सरकार भिंतीवरच्या कबुतराला एवढं का घाबरलं, हे कळायला या गावाचा नकाशा पुरेसा आहे. इथे एका भिंतीवरचं चित्र हजार खिडक्यांतून दिसतं.

१९९० मध्ये लोकशाही परतली. मेंदेस यांनी जुनं काम पुन्हा हाती घेतलं आणि १९९२ मध्ये बेयाविस्ता टेकडीवर खुल्या आकाशाखालचं संग्रहालय तयार झालं. एस्पिरितू सान्तो हा आसेन्सोर जिथे वर पोचतो, तिथल्या जिन्यांवर आणि बोळांत वीस भित्तिचित्रं आहेत. तिकीट नाही, दरवाजा नाही, बंद व्हायची वेळ नाही. देशातल्या नामवंत चित्रकारांनी त्यासाठी कच्ची रेखाटनं दिली आणि विद्यार्थ्यांनी ती भिंतीच्या मापाला वाढवून रंगवली. रोबेर्तो मात्ता, नेमेसिओ आन्तूनेस, मारिओ तोराल, ग्रासिया बारिओस ही त्यांतली काही नावं.

आणखी दोन नावांपाशी थांबायलाच हवं: होसे बाल्मेस आणि रोसेर ब्रू. दोघांचाही जन्म स्पेनच्या कातालोनियातला. स्पेनचं यादवी युद्ध फ्रँकोनं जिंकल्यावर लाखो माणसं सीमा ओलांडून फ्रान्समधल्या छावण्यांत अडकली. तेव्हा चिलीचे खास वाणिज्यदूत म्हणून पॅरिसला गेलेल्या नेरुदांनी ‘विनिपेग’ नावाच्या जुन्या मालवाहू जहाजावर दोन हजारांहून अधिक निर्वासितांची सोय केली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ती माणसं वाल्पाराइसोच्या धक्क्यावर उतरली. त्यांत बारा वर्षांचा बाल्मेस होता आणि सोळा वर्षांची ब्रू. युरोपात नवं महायुद्ध पेटलं त्याच दिवसांत या मुलांनी या रंगीत टेकड्या पहिल्यांदा पाहिल्या. पुढे दोघं चिलीचे मोठे चित्रकार झाले. १९७३ नंतर बाल्मेस आणि त्याची चित्रकार पत्नी ग्रासिया बारिओस यांना पुन्हा देश सोडून फ्रान्सला जावं लागलं. दोनदा निर्वासित झालेला हा माणूस परत आला आणि ज्या बंदरानं त्याला पहिल्यांदा उतरवून घेतलं, त्याच बंदराच्या भिंतीवर त्याचं चित्र गेलं. एखाद्या दालनातल्या चौकटीला हा मान मिळाला नसता. बेयाविस्ताच्या जिन्यावरून वर चढणाऱ्या बाईला बाल्मेस कोण हे ठाऊक नसेलही. पण तिचा रोजचा रस्ता त्याच्या रंगांजवळून जातो, आणि चित्रकाराला याहून चांगलं घर कुठलं मिळणार?

त्यानंतरची पिढी फवाऱ्याचे डबे घेऊन आली. इन्ती हा त्यांतला सर्वांत नावाजलेला, १९८२ मध्ये याच गावात जन्मलेला. त्याचं नाव केचुआ भाषेतलं, अर्थ सूर्य. अँडीज पर्वतातल्या उत्सवांत नाचणाऱ्या सोंगाड्यांची आठवण करून देणाऱ्या, गोधडीसारखे तुकडे जोडलेल्या कपड्यांतल्या त्याच्या महाकाय बाहुल्या आता जगभरच्या इमारतींवर आहेत. वाल्पाराइसोतली त्याची एक आकृती एकापेक्षा जास्त इमारतींवर पसरली आहे. खालच्या रस्त्यावरून तिचे तुकडेच दिसतात, कोन्सेप्सिओन टेकडीवर उभं राहिलं की ते तुकडे जुळून शरीर होतं. या गावाची पाहण्याची रीत ज्याच्या अंगात मुरली आहे, त्यालाच असं चित्र सुचावं.

चित्रकारांत एक न लिहिलेला नियम आहे: चांगल्या चित्रावर सहसा कुणी खरडत नाही. रिकाम्या भिंतीवर मात्र रातोरात सह्या आणि रेघोट्या येतात, त्या घरमालकाला नको असतात. त्यापेक्षा एखाद्या चित्रकाराला बोलावून भिंत द्यावी, असा व्यवहार आलेग्रे आणि कोन्सेप्सिओन या टेकड्यांवर रुळला. मालकाला भिंत स्वच्छ हवी, चित्रकाराला जागा हवी, आणि चित्र काय असावं याची बोलणी दारातच होतात. कायद्याच्या पुस्तकात नसलेली ही समजूत इतकी वर्षं टिकली, ती शेजारधर्मावर.

पर्यटन आल्यावर या दोन टेकड्या पालटल्या. कॉफीची दुकानं, छोटी हॉटेलं, चित्रं दाखवत फिरवणारे वाटाडे. पैसा आला ही चांगलीच गोष्ट. पत्रा बदलायला तो लागतोच. पण वारशाचा दर्जा मिळालेला भाग थोडा आहे, आणि गाव मोठं. जसजसं वर चढावं तसतशी गरिबी वाढते. जोरिस इव्हेन्स या डच दिग्दर्शकानं १९६३ मध्ये या गावावर केलेल्या माहितीपटातही टेकडीवर पाणी चढवण्याची यातायात आहे. वरच्या वस्त्यांतून सगळं बंदर दिसतं. त्या वस्त्यांकडे मात्र खालून कुणी पाहत नाही. 

१२ एप्रिल २०१४ ला जगानं पाहिलं, कारण त्या जळत होत्या. वणवा घळींमधून घरांत शिरला. पंधरा माणसं गेली, सुमारे २,९०० घरं राख झाली. अरुंद वाटांवरून बंब वर नेणं कठीण झालं, पाणी पुरलं नाही, घळींत साचलेल्या कचऱ्यानं आगीला खाद्य दिलं. एखाद्या गावाच्या भिंतींवर प्रेम करायचं तर त्या भिंतींमागच्या नळावरही करावं लागतं. चित्रांच्या नकाशावर ज्या टेकड्या आहेत आणि आगीच्या नकाशावर ज्या होत्या, त्या वेगळ्या आहेत, ही गोष्ट या रंगीत गावाबद्दल लिहिताना सोडून देता येत नाही.

पोलांको टेकडीनं दाखवलेली वाट म्हणूनच महत्त्वाची वाटते. ही पर्यटकांच्या वाटेपासून दूरची, कष्टकऱ्यांची टेकडी. इथला आसेन्सोर तिरका जात नाही. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून आत जायचं आणि सरळ उभं वर चढायचं. २०१२ मध्ये तिथे ग्राफितीचा महोत्सव भरला आणि घराघरांच्या भिंती चित्रांनी भरल्या. माणसं तिकडे वळू लागली. चित्रांनी पोलांकोची गरिबी हटवली असं कुणी म्हणू नये. पण जी टेकडी फक्त वाईट बातमीत यायची, तिच्याकडे कुणीतरी चांगल्या कारणासाठी बोट दाखवू लागलं, आणि हे तिथल्या रहिवाशांनी आपल्या भिंती देऊन घडवलं.

आता वाद आहे तो डागडुजीचा. मीठ, ऊन आणि पाऊस यांपुढे कुठलाही रंग टिकत नाही. बेयाविस्ताची चित्रं अनेकदा फिकी पडली, पोपडे निघाले, त्यांवर खरडलं गेलं, आणि पुन्हा रंगवली गेली. मात्ता, आन्तूनेस, बाल्मेस, ब्रू कुणीच आता हयात नाही, तरी त्यांच्या रेखाटनांवरून भिंत पुन्हा उभी करता येते. ती तशी करत राहावी. तिथे एका देशाची सतरा वर्षांची मुकी झालेली वाचा परत आलेली आहे. आलेग्रेच्या बोळांत मात्र जुन्या चित्राला कवटाळून बसू नये. रंग उडाला की घरमालकानं नवा चित्रकार बोलवावा, दारात पुन्हा बोलणी व्हावीत. समोरच्या टेकडीवरच्या खिडक्यांनाही तेच चित्र बघून बरीच वर्षं झालेली असतात.